नवा घसा

चाळीस पेट्या मधमाश्या विकून घेतली मी ही पूमा,
चौऱ्याहत्तरची, फायबरची, पिकल्या जर्दाळूच्या रंगाची.
लापा गावात तेव्हा म्हणाले,
लेओकादियाचं डोकं फिरलं,
माश्या निदान मध तरी द्यायच्या.

इंजिन पाठीशी, आणि पिते उसाचा अल्कोहोल.
जुलैत, गवत पांढरं पडलं की,
सकाळी ती काही केल्या उठत नाही.
आधी दोन घोट पेट्रोल पाजावं लागतं,
मग खोकते, मग रागावते, मग निघते.
ती बाटली घेऊन वाल्दोमिरो यायचा
समोरच्या गॅरेजातून, अंगावर बायकोचं जुनं स्वेटर.

सोळा वर्षं त्यानं तिचे दोन कार्ब्युरेटर सांभाळले.
डावा कान गेलेला. उजव्यात रबरी नळीचं एक टोक,
दुसरं कार्ब्युरेटरच्या घशाशी.
स्क्रू पाव आटा. थांबायचं.
मग पावाचाही पाव.
"इथं कुणी कुणाला ढकलत नाही," म्हणायचा,
"हवा आत शिरते, तिच्या ओढीनं इंधन मागोमाग येतं.
ओढ असली की पुरे."
बायको कुरितिबाला निघून गेली
त्यानंतरही हेच म्हणायचा.

पण अल्कोहोल धातू खातो.
जेटमधून पांढरा चिकट साका निघू लागला,
टाकीच्या तळाशी गंज, पोह्याएवढ्या पापुद्र्यांचा.
तेव्हा त्याची नात ताइस आली, लॅपटॉप काखेत,
खोक्यात चार चकचकीत थ्रॉटल, चार इंजेक्टर,
स्टीलची टाकी, परतीची वेगळी नळी,
आणि मुठीएवढा पंप.
"आता ओढ नाही, आजोबा. दाब. तीन बार."
तो काही बोलला नाही.
पितळी जेट एकेक पुसून
शर्टाच्या खिशात टाकत राहिला,
खिसा लोंबेपर्यंत.

किल्ली अर्धी फिरवली की पंप गुणगुणतो.
राणी मेलेली पेटी असाच सूर धरते.
मी हे कुणाला सांगितलं नाही.

पहिल्याच झटक्याला सुरू.
ताइस हसली, पडद्यावर हिरवी रेघ,
हवा आणि इंधनाचं प्रमाण जिथं हवं तिथं.
तरी टाकी काम्पो लार्गोच्या अलीकडेच रिकामी व्हायची,
आणि चढावर कुणीतरी एक जण
काम टाळतंय असं पायाला कळायचं.
प्लग काढले. तीन काळसर,
चौथा पांढराफटक.
ताइस पडद्याकडे बघत राहिली. आकडा बरोबर होता.
चौघांचा मिळून बरोबर.
वेगवेगळा एकाचाही नव्हता.

वाल्दोमिरो झाडत होता.
झाडू भिंतीला टेकवला, खुंटीवरची नळी काढली,
कान लावून वाकला, चौथ्याच्या बुडाशी,
जिथं नवी नळी जुन्या इंजिनाला भेटते.
साबणाचं बोट फिरवलं.
शीळ थांबली. इंजिनाचा सूर उतरला.
नखाएवढा फाटलेला गॅस्केटचा कागद:
तिथून हवा चोरपावलांनी आत,
आणि संगणक बिचारा ती तूट भरून काढण्यासाठी
चौघांनाही जास्त पाजत राहिलेला,
तक्रार न करता.

"आवाज आला कसा?" ताइसनं विचारलं.
त्यानं नळी तिच्या हातात दिली,
आणि कागद कापायला कात्री शोधू लागला.
ती बराच वेळ ऐकत होती, डोळे मिटून.
नंतर चौथ्या इंजेक्टरचा आकडा तिनं
पाव बदलला. थांबली.
मग पावाचाही पाव.

काल पहाटे वजा दोन.
गवत काचेसारखं मोडत होतं पायाखाली.
मी किल्ली फिरवली, पंप गुणगुणला,
आणि ती उठली, न खोकता, न रागावता,
लाजच वाटावी इतक्या गुपचूप.
फाटकाशी वाल्दोमिरो उभा होता,
तेच स्वेटर, हातात पेट्रोलची बाटली.
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
"सवय," तो म्हणाला.
बाटली हलवून पाहिली, घरी नेली,
आणि थोड्या वेळानं, त्या दंवात,
त्याचं गवत कापायचं यंत्र
विनाकारण सुरू झालं.